घट्ट अंगात सुई मारू नये

मला कुणी विचारलं, की तू आज जो काही आहेस तो कुणामुळे, तर आईवडिलांच्याही आधी मी सिस्टरचं नाव घेतो. आईवडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. तेही तेच सांगतात.

सिस्टर म्हणजे आमच्या गावातल्या आरोग्य उपकेंद्राची नर्स. गाव मिठबावच्या अलीकडे, खाडीला लागून. तिला नाव होतं, पण ते फक्त उपकेंद्राच्या पाटीवर, आणि पाटी खाऱ्या वाऱ्याने गंजून गेलेली. लहानथोर सगळे तिला सिस्टरच म्हणायचे आणि अगंतुगं करायचे. "गो सिस्टर, खंय गेल्लंस?" असं शेंबडं पोरही विचारायचं. "तुझ्या सासऱ्याक बघूक," ती उत्तर द्यायची आणि न थांबता पुढे जायची.

ती मूळची वालावलची. बदलीवर आली आणि राहिली ती राहिलीच. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारण्याची हिंमत गावात एका म्हातारीने केली होती. तिला सिस्टर म्हणाली, "अख्ख्या गावाचे पार्श्वभाग बघून झाले गो. आता आणखी काय बघूचा रवला?"

तिच्याकडे एक सायकल होती. त्या सायकलवर बसलेली तिला कुणीही पाहिली नाही. कॅरिअरला लशीची निळी पेटी बांधायची आणि वाडीवाडीतून सायकल ढकलत चालायचं. चढ असो, उतार असो, ढकलतच. विचारलं तर म्हणे, "सायकल लशीक बसूक आसा. मी काय लस आसंय?" केसांत अबोलीचा वळेसर, पायात शाळेतल्या मुलांसारखे कॅनव्हासचे बूट, आणि तोंडात सतत काहीतरी. कधी सुपारी, कधी बडीशेप, आणि दोन्ही नसेल तेव्हा शिवी.

आमच्याकडे शिवीला गाळ म्हणतात. परक्या माणसाला हे समजावून सांगणं अवघड जातं, पण आमच्या भागात गाळ ही आपलेपणाची खूण आहे. ज्याला आपण गाळ घालू शकत नाही, तो आपला नव्हे. सिस्टरची इंजेक्शन देण्याची सगळी पद्धत यावर उभी होती. माणसाला ती स्टुलावर बसवायची आणि सगळ्यात आधी त्याचा अपमान करायची.

रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, काम करणारा एक गडी तापाने फणफणून आला होता, तेव्हाचं मला आठवतं. सिरिंज भरता भरता ती म्हणाली, "काय रे, काल जाळ्यात काय गावला? चप्पल म्हणतत? दोनय पायांची काय एकाच पायाची?"

गडी उसळला. वारा कसा फिरला, जाळं कसं अडकलं, मागच्या आठवड्यात सुरमई किती मिळाली होती, सगळं त्याने हातवारे करून सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती. त्याची गजाल सांगून संपली, त्याने एक लांब श्वास सोडला, आणि ती म्हणाली, "झाला. ऊठ."

"सुई खंय?"

"तुझ्या गजालीत गेली."

घट्ट अंगात सुई मारू नये, हा तिचा नियम. "खडकार नांगर टाकलास तर काय होता? दोर तुटता." कितीतरी वर्षं मला वाटे, ती लोकांचं लक्ष दुसरीकडे वळवते. मी पुण्याला शिकत असताना सुट्टीत एकदा तसं म्हणालो, तर ती माझ्यावर चिडली.

"लक्ष वळवूक मी काय जादूगार? मेल्या, गाळ कोणय घालीत. उत्तर ऐकूक व्हया. उत्तर सोपला की माणूस श्वास सोडता. तेवां थंय रेती गावता. नांगर रेतीत टाकूचो."

आणि एकाची गाळ ती दुसऱ्याला कधी घालत नसे. कुणाला चपलेवरून बोलायचं, कुणाला बागेतल्या माकडांवरून, कुणाला माहेरच्या श्रीमंतीवरून, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं होतं. ज्याच्या घरात नुकतंच काही वाईट झालेलं असेल, त्याला मात्र ती काहीच बोलायची नाही. दंडावर हात ठेवून नुसती बसून राहायची. कधी कधी दहा मिनिटं. बाहेर रांग वाढत गेली तरी.

सुईकडे ती बघतच नसे. "सुयेक काय बघूचा? तोंड बघूचा."

माझी आणि तिची खरी ओळख मी काजूच्या झाडावर असताना झाली. चौथीत होतो. शाळेत लस द्यायला ती आली आणि मी खिडकीतून पळून झाडावर चढलो. गुरुजी खालून रागावले, मुलं ओरडली, मी हलेना. सिस्टर आली. वर बघून म्हणाली, "थंयच रव रे. खाली येव नको. तुझ्या वाटयेची मी तुमच्या मास्तराक देतंय." गुरुजींचा चेहरा असा काही पांढरा पडला, की मला हसू आवरेना. हसून हसून हात सुटायला लागले, म्हणून उतरलो. उतरलो तिथे ती उभी होतीच.

पण तिचे माझ्यावर जे उपकार आहेत ते त्यानंतर सहा वर्षांनी झाले.

मी दहावी पास झालो. आमच्या घरात तोवर सातवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. वडील होडीवर जायचे आणि मी आता त्यांच्याबरोबर जायचं हे ठरलेलं होतं. मला डिप्लोमा करायचा होता, पण तसं बोलून दाखवायची पद्धत आमच्या घरात नव्हती. त्याच आठवड्यात वडिलांच्या हातात शिंगाळ्याचा काटा घुसला. या माशाचा काटा विषारी असतो. हात कोपरापर्यंत सुजला. मी त्यांना घेऊन उपकेंद्रात गेलो.

सिस्टरने जखम गरम पाण्यात धरली, धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन भरलं आणि सुई वर धरून तशीच उभी राहिली.

"झील धावी पास झालो ना?"

"झालो."

"मगे?"

"मगे काय? होडयेर येतलो. माका दोन हात कमी पडतत."

"डिप्लोमाक घालतंस काय नाय, ता सांग. मगे सुई."

"गो सिस्टर, माका दुखता!"

"दुखांदे. माका वेळ आसा."

"सरकारी सुई आसा ती! तुझ्या बापाशीची नाय!"

"सुई सरकारी. हात माझो."

वडील आधी संतापले. मग बोलायला लागले. मी त्यांना इतकं बोलताना त्याआधी पाहिलं नव्हतं. होडी जुनी झाली, एकट्याने जाळं ओढवत नाही, हे त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, त्यांचा धाकटा भाऊ मुंबईला गेला तो वडिलांच्या तेराव्यालाही आला नाही. शिकलेला मुलगा परत येत नाही. हे ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मग गप्प झाले. खांदे खाली आले. सिस्टरने सुई दिली.

"झाला."

"मी अजून होय म्हटलंय नाय," वडील म्हणाले.

"नाय पण म्हटलंस नाय."

पुढे वडील सगळ्यांना सांगायचे, माझ्या झिलाचा शिक्षण एका शिंगाळ्याच्या काट्यान झाला.

प्रवेशासाठी मालवणला माझ्याबरोबर तीच आली. एसटीत मला खिडकी दिली. कचेरीतला कारकून आमच्याकडे बघत नव्हता. तेव्हा सिस्टर पदर सारखा करून म्हणाली, "आपण अर्ज एकदा पाहावा, ही विनंती आहे. मुलाचे गुण चांगले आहेत. कागदपत्रं क्रमाने लावली आहेत." कारकुनाने अर्ज पाहिला. मी थक्क झालो. तिच्या तोंडून असं पुस्तकातलं मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

बाहेर आल्यावर विचारलं, "गो सिस्टर, तू इतक्या शुद्ध बोलतंस?"

"जेच्याशी आपला काय नाता नाय, तेच्याशी शुद्ध बोलूचा. नात्यातल्याक गाळ."

डिप्लोमा झाला, पुण्यात डिग्री झाली आणि एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. आम्ही अवघे अकरा जण. आम्ही एक यंत्र बनवत होतो, ते चेहऱ्यावर इंजेक्शन देतं. कपाळावरच्या आठ्या, भुवयांमधल्या रेषा, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या घालवण्यासाठी लोक हल्ली इंजेक्शन घेतात. ते काम डॉक्टर हाताने करतात. आमच्या यंत्राचा हात कॅमेऱ्याने चेहऱ्याचा नकाशा काढतो. सुई कुठे आणि किती द्यायची ते डॉक्टर ठरवतात, मग हात अगदी नेमक्या जागी, नेमकी खोल सुई नेतो. डॉक्टरांचा पाय पेडलवर असतो. पाय उचलला की हात थांबतो.

पहिल्यांदा हे सिस्टरला सांगितलं तेव्हा ती निवृत्त झाली होती आणि घरापुढच्या खळ्यात कोकमं वाळत घालत होती.

"तोंडार सुई? दुखता खंय तेंका?"

"दुखत नाय गो. आठये जावचे म्हणान."

"आठये गेले तर माका कळतला कसा, कोण खोटा बोलता ता?" मग थोड्या वेळाने, "आणि तुझो तो लोखंडाचो हात. तो गाळ घालता?"

मी हसलो. नंतर मात्र तेच आमचं दुखणं ठरलं. आम्ही नुसतं मिठाचं पाणी भरून स्वेच्छेने आलेल्या लोकांवर चाचण्या घेत होतो. यंत्राचा हात चेहऱ्याजवळ आला की माणूस आवळून जाई. भुवया जवळ येत, नकाशा बदले, आणि सुरक्षेसाठी हात आपोआप मागे जाई. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. आम्ही हळू संगीत लावलं. गार वारा सोडला. एका गोड आवाजात "कृपया शांत राहा" असं वाजवलं, त्याने लोक आणखी घाबरले. मी स्वतः खुर्चीत बसलो. मीही आवळलो.

मला सिस्टर आठवणार नाही तर काय?

चतुर्थीला गावी गेलो तेव्हा तिच्यासमोर फोन ठेवला आणि म्हणालो, तुझ्या जुन्या गाळी सांग, आठवण म्हणून पाहिजेत. ती खूश झाली. तासभर बोलली. चपलेची, माकडांची, वालावलच्या तळ्याची, सगळ्या. मध्येच हसून डोळे पुसायची, आणि कुणाला केव्हा घातली होती तेही सांगायची. ते भाग मी नंतर कापून टाकले. यंत्राला लागत होतं तेवढंच ठेवलं.

आमचं यंत्र सिस्टरच्या आवाजात बोलायला लागलं आणि चमत्कार झाला. पुण्यातली माणसं मालवणी ऐकून आधी चमकायची, मग मोठ्याने हसायची. हसून झाल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच नसतं. तो क्षण आम्ही पकडला. हात पुढे येई आणि काम होऊन जाई. आमच्या डॉक्टर मॅडमही हसायच्या. कंपनीत लोक मला भेटून शाबासकी देत. मी व्हिडिओ जमवत होतो, सिस्टरला दाखवायला.

मग एक दिवस पन्नाशीच्या एक बाई चाचणीला आल्या. भुवयांच्या मध्ये दोन उभ्या, खोल रेषा. यंत्राने स्वतःच त्या पाहिल्या आणि यादीतलं त्यांना शोभेल असं वाक्य निवडलं: "गो बाये, कपाळार हे दोन खांब कोणासाठी उभे केलंस? घोव दारातसून परत जायत!"

बाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा सैल पडला. यंत्राला तेवढंच कळत होतं. हात पुढे आला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हात मागे गेला, आणि बारा सेकंदांनी यंत्राने पुढची गाळ वाजवली. मी शेजारीच होतो. थांबवायचं बटण माझ्या हाताखाली होतं. पण मी पडद्यावरची, चेहऱ्याचा ताण दाखवणारी रेषा बघत होतो. मॅडमनी पेडलवरून पाय काढला आणि माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी चेहऱ्याकडे बघितलं.

बाईंचं सासर कुडाळकडचं. घोव म्हणजे नवरा, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांचे यजमान जाऊन चार महिने झाले होते.

मी रजा काढून गावी गेलो. खोटं बोलायला शिकलो नव्हतो असं म्हणणार नाही, कारण "आठवण म्हणून" हे खोटंच होतं. पण आता सगळं सांगायचं ठरवलं होतं. आधी चांगले व्हिडिओ दाखवले. सिस्टरने चष्मा लावला. स्वतःचा आवाज ऐकून ती जराही हसली नाही.

"हो कोण?" तिने खुर्चीतल्या माणसाकडे बोट दाखवलं.

"माहीत नाय गो. चाचणीक इल्लो."

"तेका माकडांची गाळ कित्याक? तेची बाग आसा?"

"नाय."

"तेना उत्तर काय दिल्यान?"

"मशीन ऐकत नाय, सिस्टर. नुसता बोलता."

मग मी त्या बाईंचं सांगितलं. सगळं, बारा सेकंदांसकट. सांगून झालं तेव्हा मी खाली मान घालून वाट बघत होतो. मेल्या, शिरा पडो तुझ्या तोंडार, तुका ह्याच्यासाठी शिकवलंय काय, असं ती म्हणेल. मला ते हवंच होतं. तिने चष्मा काढला, घडी घालून डब्यात ठेवला.

"ते वाक्य मी एका बाईला बोलले होते," ती म्हणाली. "तिचा नवरा सहा महिन्यांनी बोटीवरून घरी आला होता, त्या दिवशी." चष्म्याचा डबा बाजूला सरकवला. "आपण चहा घेणार का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"गो सिस्टर..."

"मला जरा कामं आहेत. आपण आला होता, बरं वाटलं."

मी घरी आलो. आईने विचारलं, सिस्टर काय म्हणाली? मी सांगितलं, चहा घेणार का विचारलं. आई चुलीपुढे होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू काय केलंस तिचा?"

पुण्याला परतल्यावर मी तिला तीन वेळा फोन केला. प्रत्येक वेळी तिने उचलला. "कोण बोलतंय? बरं, मी कामात आहे, नमस्कार." तिसऱ्या वेळी "आपली प्रकृती ठीक आहे ना?" असंही विचारलं. माझ्या आयुष्यात इतकी सभ्यता मला कुणी दाखवली नव्हती.

मला जे करायचं होतं ते केलं, आणि मग हे पत्र पाठवलं. मालवणीत मी कधी काही लिहिलं नव्हतं. शाळेत ते चूक धरत.

"सिस्टर,

फोनार तू माज्याशी बोलणस नाय, म्हणान पत्र लिवतंय.

तुजो आवाज मशीनीतसून पुसलंय. सगळ्यांच्या समोर पुसलंय. माज्या फोनातसून पण पुसलंय. कंपनीत कोणाक बरा वाटला नाय. माका त्या कामातसून काढल्यानी, आता सुयांच्या पेटये तपासतंय. ता बरा आसा. मशीन आता गप आसा. सुईच्या आधी डॉक्टर मॅडम स्वतः माणसाच्या बाजूक बसतत, बोलतत, ऐकतत. वेळ लागता. लागांदे.

आठवण म्हणान तुज्याकडसून घेतलंय आणि कामाक लावलंय. तू कोणाक कित्याक काय बोललंस, ता सगळा तू सांगल्लंस. ताच मी कापून टाकलंय. ह्या माका आता कळता.

त्या बाईंका भेटूक गेल्लंय. पयला नाव इचारलंय. तेंचा नाव सुनंदा. माफी मागलंय. तेंनी खूप वेळ काय सांगल्यानी नाय. मी पण बोललंय नाय, बसून रवलंय. मगे तेंनी म्हटल्यानी, 'हे असतानाही घरात असंच बोलायचे. माझ्या या रेषांवरून तर रोज. ते गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात.' आणि मगे म्हटल्यानी, 'पण ते यंत्राने बोलायला नको होतं.' मी होय म्हटलंय.

तेंका इचारूचा होता, ती बोलणारी बाई खंयची, ती भेटात काय. मे म्हयन्यात तेंचा कुडाळाक सासरी येवचा आसा. मी तेंका तुजा नाव सांगलंय नाय. गाव पण सांगलंय नाय. सांगू काय? नाय म्हटलंस तर नाय.

ह्या खेपेक पयला इचारतंय."